ओला धान, कोरडं रक्त

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. चांगली बातमी कोणी पालथी घालत नाही.

"देवरामभाऊ, तुम्हाला सिकल सेल डिसीज आहे," त्या म्हणाल्या. सिकल म्हणजे विळा, सेल म्हणजे पेशी. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की पुढे रक्त पोचत नाही, म्हणून हाडं दुखतात. आजार जन्मापासूनचा, आईबापाकडून आलेला. काहींना तो सौम्य असतो म्हणून उशिरा कळतो.

देवराम माझे पती. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये ऑपरेटर आहेत. त्यांचे डोळे पिवळे दिसायचे, तेव्हा सगळ्यांनी कावीळ म्हटलं आणि झाडपाला दिला. सांधे दुखायचे, तेव्हा पोत्यांचं काम म्हटलं. मग इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी झाली. रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या जातीचं आहे ते त्यात कळतं. रिपोर्ट यायला वेळ लागला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी तोवर देवाला नको नको ते कबूल करून बसले होते.

"पेशी म्हणजे काय जी?" ह्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंना ह्यांचं काम माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तुमची मिलच समजा. पेशीचं आवरण म्हणजे गेट आणि चौकीदार, कोणाला आत घ्यायचं ते तो ठरवतो. केंद्रक म्हणजे मालकाची केबिन, सगळे हुकूम तिथून निघतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे मोटर, ताकद देणारी. रायबोसोम ही मशीन, प्रथिनं तयार करणारी. गॉल्जी म्हणजे माल पोत्यात भरून शिवणारे. आणि लायसोसोम म्हणजे कचरा काढणारे."

ह्यांचा चेहरा उजळला.

"तांबडी पेशी हाडाच्या मगजात पूर्ण मिल असते," त्या म्हणाल्या. "बाहेर पडताना मात्र केबिन, मोटर, मशीन, सगळं टाकून देते. उरतं हिमोग्लोबिनने भरलेलं गोदाम. तुमच्या केबिनमधला हुकूमच जन्मापासून चुकलेला आहे. त्यामुळे आतला माल एकमेकांना चिकटतो आणि गोदामच वाकडं होतं. दुरुस्त करायला आत कोणी नसतं."

कोणी नसतं, हे त्यांनी सहज म्हटलं. माझ्या कानात ते कितीतरी दिवस वाजत राहिलं.

नंतर सूचना आल्या. गोळी रोज घ्या, थंडी टाळा, ताप आला तर थांबू नका, पाणी भरपूर प्या. ह्यांनी मान डोलावली खरी, पण डोक्यात मिल आधीच सुरू झाली होती.

घरी येईल त्याला हे पेशी समजावून सांगू लागले. दिवाणखान्यातली खुर्ची केबिन झाली, दारातली चप्पल चौकीदार. मी हसायचे. आजाराला हसता येतंय, म्हणजे तो आटोक्यात आहे, असं मला वाटायचं.

रोज सकाळी मी पाण्याची मोठी बाटली डब्यासोबत द्यायचे. संध्याकाळी ती रिकामी यायची. तरी ह्यांचे ओठ फुटलेले. डोळे पुन्हा हळदीसारखे. विचारलं की म्हणायचे, "मले काही नाही होऊन राहिलं. तू उगाच घोर लावू नको व."

आमचं घर मिलजवळच आहे. मी ब्लाउज शिवते, आणि मिलचा घरघराट माझ्या मशीनखालीही जाणवतो. एका दुपारी तो घोगरा झाला आणि थांबला. वीज गेली असेल म्हणून मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

दोन हमालांनी ह्यांना धरून आणलं. श्वास अर्धाच आत जात होता.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, छातीचा एक्स-रे काढला. अक्यूट चेस्ट सिंड्रोम, असं सांगितलं. वाकड्या पेशी फुप्फुसात अडकल्या होत्या. यात माणूस जाऊ शकतो. डॉक्टरीणबाईंनी हे लपवलं नाही, आणि मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला.

रक्त चढवलं. ह्यांना जरा बोलता आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पीत होता?"

"कमीच ठेवलं जी," हे मास्कखालून म्हणाले, शाबासकी मिळणार असल्यासारखे. "ओला धान टाकला तं शेलर चोक होते. म्हून बाटली हमालाइले देऊन देत होतो."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ऑपरेटर धानाचा दाणा दाताखाली फोडून पाहतो. कट्‌कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. ओला धान शेलरमध्ये, म्हणजे टरफल काढणाऱ्या मशीनमध्ये, अडकतो, म्हणून तो आधी वाळवतात. जाम होणं म्हणजे ओलावा, हे ह्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी स्वतःलाच वाळवायला घातलं होतं.

डॉक्टरीणबाई खाटेजवळ बसल्या. "माझं उदाहरण अर्धं राहिलं," त्या म्हणाल्या. "पेशीच्या आत मिल. पण पेशी वाहते ती पाटाच्या पाण्यात. पाणी घटलं की गोदामातला माल आणखी घट्ट चिकटतो. धान वाळवा, भाऊ. रक्त वाळवू नका."

ह्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी गळत होतं. मी पुसलं नाही.

हे घरी आले. आजार गेला नाही, जाणारही नाही. ज्यांच्या घरी हा रिपोर्ट येईल त्यांना माझं एकच सांगणं आहे. डॉक्टरांनी उदाहरण दिलं तर ते कुठे संपतं, तेही विचारा. आणि रुग्णाला काय समजलं, ते त्याच्याच तोंडून एकदा ऐका. खरं सांगणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंचा मला आता राग येत नाही. त्यांच्यामुळे माझ्या घरात दोन ताटं वाढली जातात.

मिलचा आवाज जरा घोगरा झाला की अजूनही माझा पाय शिलाई मशीनवर थबकतो. तो सुरळीत होईपर्यंत सुई चालत नाही.

संध्याकाळी हे येतात, रिकामी बाटली ओट्यावर ठेवतात.

"कोणं पेलं?" मी विचारते.

"मीच पेलो ना व."

माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरी मी आधी त्यांचे ओठ पाहते.