हिरवी खूण

दादाच्या तळहातावर बाबांची रक्तदाबाची गोळी होती आणि माझ्या फोनवर त्याच गोळीपुढे हिरवी खूण.

"थांब दादा, मी मघाशीच दिलीय!"

"माझ्या फोनवर तर दिसत नाहीये."

औषधांची नोंद ठेवणारं अ‍ॅप निवडताना आम्ही रंग बघितले, घंटीचा आवाज बघितला. पण दोघांच्या वेगवेगळ्या फोनवर ते सारखं चालेल का, हे बघायचं राहूनच गेलं. आता दोन्ही फोन टेबलावर एकमेकांना खेटून पडले होते आणि तेवढंसं अंतर काही त्या खुणेला ओलांडता येत नव्हतं. दादाच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. खरंच दिली होती ना मी? बघता बघता मलाच खात्री वाटेना.

पलंगावरून बाबा म्हणाले, "अरे, घेतलीय मी. मला विचारा की!"