दिवसा न सांगायची गोष्ट

एम.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवायला मी पेठहून जुन्नरला एसटीने जात असे. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मुलांचं व्याकरण पक्कं होतं, पण बोलायला उभं केलं की तोंडाला कुलूप. शेवटी वैतागून मी व्याकरणाचं पुस्तक कपाटात टाकलं आणि गोष्टी सुरू केल्या. दर आठवड्याला जगातल्या कुठल्या तरी लोकांची गोष्ट मी सांगायची, मग तशीच आपल्याकडची एक गोष्ट कुणीतरी इंग्रजीत सांगायची.

मेक्सिकोतली माणसं वर्षातून एकदा मेलेल्यांसाठी जेवण मांडतात, असं सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "आपली सर्वपित्रीच की, मॅडम. कावळा येतो का तिथं?" मी म्हटलं, कावळ्याचं नंतर बघू, आधी सर्वपित्री इंग्रजीत सांग. त्या दिवशी पहिल्यांदा वर्ग बोलला. फार बरं वाटलं.

पुढे आइसलंडची गोष्ट निघाली. तिथे एका खडकात न दिसणारी माणसं राहतात, म्हणून रस्ता वळवून नेला. सगळे हसले, एक मुलगी सोडून. ती घाटमाथ्यावरच्या आहुप्याची होती, जुन्नरला वसतिगृहात राहायची, आणि वर्गात तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

"आमच्या राईतली वाळकी काटकीसुदिक कोन घरी नेत नाय," ती म्हणाली. "देवाची हाय ती."

"मग पुढच्या वेळी तूच सांग राईची गोष्ट."

"दिवसा नाय सांगणार, मॅडम. दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो."

वर्गात खसखस पिकली. हे लहानपणी कुणी ऐकलेलं नसतं? आई स्वयंपाकात असताना मी गोष्टीसाठी मागे लागले की ती हेच सांगून मला पिटाळायची. तेच मी तिला समजावलं. पोरांना गप्प बसवायची युक्ती गं ती, बाकी काही नाही.

"मला येकच मामा हाय," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मग हळूहळू कळलं. बाप लहानपणीच गेलेला. मामाने बहिणीला आणि भाचीला घरी आणलं, भात-नाचणीच्या तुकड्यावर तिला इथवर शिकवलं. भाताची कामं संपली की तो डोक्यावर ओझं घेऊन घाटवाटेने कोकणात उतरायचा. तिकडे धुकं दाटलं की बांधावरचा माणूसही हरवतो, आणि कड्यावरून पाय सुटला तर संपलंच. तिच्या भीतीला असं हसण्यासारखं काही नव्हतं.

पण तोंडी परीक्षेत गोष्ट सांगावीच लागणार होती. बाहेरचे परीक्षक येणार, तेही भरदिवसा. गोष्ट नाही तर मुलगी नापास, आणि मामाचे सगळे कष्ट पाण्यात. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. अखेर तिच्यापुरता तास मी दिवेलागणीनंतर ठेवला, आणि परीक्षकांना सांगून तिचा नंबर सगळ्यात शेवटी लावून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीला न्यायला मामा आला तेव्हा आमचा तो तास चालू होता. पिशवी मांडीवर घेऊन तो मागच्या बाकावर अवघडून बसला. तिने इंग्रजीत सगळी राई उभी केली. राईतली काटकी चुलीत घातली म्हणून रात्रभर झोप न आलेला माणूस, आणि सकाळी राख ओंजळीत घेऊन राईत ठेवायला निघालेली त्याची बायको. तिचं संपल्यावर मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "मला काय बी कळलं न्हाई, बाई. पर पोरगी राई राई म्हनत व्हती ना, तेवडं कळलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

शिमग्याच्या आधी मामा गेला. कावीळ झाली, दुखणं वाढत गेलं, आणि घरातच अंथरुणावर संपला. आयुष्यात तो कधी वाट चुकला नाही.

ती परीक्षेला येईल असं मला वाटलं नव्हतं. पण सकाळी व्हरांड्यात येऊन उभी राहिली.

"माजं नाव पयलं घ्या, मॅडम."

"अगं, मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी. दिवे लागले की तुझा नंबर."

"आता दिवसा चालंल," ती म्हणाली. "वाट चुकाया कोन ऱ्हायलंय?"

मी आत जाऊन तिचं नाव पहिलं घेतलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आणि त्या उन्हात उभं राहून तिने राईची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली.