आमच्याकडे हेच खातात

दुकानात तिला सगळे मावशी म्हणत. मॅनेजर म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, तिच्याहून वयाने मोठी असलेली सफाईवालीसुद्धा मावशीच म्हणे. तिला त्याचा राग यायचा. पण चेहराच तसा होता, त्याला ती तरी काय करणार? गोल, थोडा दमलेला, आणि तोंड उघडलं की समोरच्याला वाटावं, ही बाई आता आपल्याला जेवायला वाढणार. त्या मोठ्या दुकानाच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक छोटं टेबल होतं. त्यावर ट्रे, ट्रेमध्ये काड्या टोचलेले तुकडे आणि मागे मावशी. दुकानात जे जे म्हणून पडून राही, ते ते तिच्या ट्रेमध्ये येई. कधी नवं चीज, कधी डब्यातलं सूप, कधी बघूनच नाक मुरडावं असा हिरवट रस. संध्याकाळपर्यंत तेच लोक ट्रॉलीत घालून नेत असत.

"घ्या" असं ती कधीही म्हणत नसे. "घ्या म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो," असं ती सोबतच्या बायकांना सांगायची. "चाखून बघा म्हणायचं. आणि पुड्याचं तोंड नेहमी त्यांच्याकडे, पाठ आपल्या पोटाला." म्हणजे एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हातात पुडा, पोटाशी धरलेला, चित्राची बाजू पुढे. तरीही गिऱ्हाईक घोटाळायला लागलं, तर भाजी निवडता निवडता शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणायचं, "आमच्याकडे हेच खातात."

हे वाक्य सगळ्याच ट्रेवाल्या म्हणत, कंपन्यांची माणसं येऊन ते शिकवूनच जात. बाकीच्या बायका बिनदिक्कत ठोकून देत. जिच्या घरी चीज कशाशी खातात हे ठाऊक नाही, तीही "आमची मुलं याच्याशिवाय जेवत नाहीत" म्हणून मोकळी होई. मावशीला ते जमेना. खोटं बोलायला गेलं की तिची जीभ अडखळे आणि कान लाल होत. शेवटी तिने स्वतःपुरता तोडगा काढला. जे ट्रेमध्ये येईल ते आधी घरी न्यायचं. फोडलेले पुडे कुणी नेले तर मॅनेजर कानाडोळा करायचा. त्यातला एक ती पिशवीत टाके, संध्याकाळी नवऱ्यापुढे ठेवी, स्वतःही चाखे, की दुसऱ्या दिवशी वाक्य खरं. या सचोटीचा तिला मनातून फार अभिमान होता. आणि लोकांना तो खरेपणा आवाजात कळायचा, म्हणून तर तिचा माल खपायचा.

नवऱ्याला सगळी आळी ड्रायव्हर म्हणायची. उभा जन्म बस चालवण्यात गेला. वेळेवर जेवण त्याने सुट्टीच्या दिवशी तेवढं पाहिलं. बस थांबली की उतरायचं, टपरीवर जे तळलेलं किंवा गोड दिसेल ते उभ्याउभ्या पोटात ढकलायचं आणि पुन्हा स्टेअरिंग धरायचं. निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या हाराबरोबर मधुमेहही घरी आला. मग उजव्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "गोड बंद, पाव बंद, बिस्किटं बंद. साखर आटोक्यात राहिली नाही तर पुढच्या वेळी पाऊल जाईल."

घरी येऊन मावशीने स्वयंपाकघर झाडून पुसून काढलं. साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. मग रोज पालेभाज्या, उकडलेली कडधान्यं, काकडी, बिनसाखरेचा चहा. पहिले काही दिवस ड्रायव्हरने आकांडतांडव केलं. "हे माणसाचं ताट आहे की बकरीचं?" असं विचारून झालं. मग तो बोलायचाच थांबला. जो माणूस जेवताना अख्ख्या बसमधल्या प्रवाशांच्या नकला करायचा, तो आता खाली मान घालून चावत बसे आणि संपलं की भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्याच्या शिव्या तिला चालल्या असत्या, ते गप्प बसणं सोसेना. ती दिवसभर शंभर लोकांना हसवून, चाखवून घरी यायची आणि स्वतःच्या माणसाच्या तोंडून एक शब्द काढता येत नाही म्हणून मोरीत जाऊन रडायची.

अशात एक दिवस ट्रेमध्ये नवी बिस्किटं आली. हिरवा पुडा, त्यावर एक पान, आणि सकाळच्या उन्हात धावणारा पांढऱ्या केसांचा हसरा गृहस्थ. वर ठळक अक्षरांत, "साखर न घालता". मावशीने ते वाचलं आणि भर दुकानात तिचे डोळे भरून आले. कंपनीचा माणूस सांगत होता की ही खास पथ्यवाल्यांसाठी आहेत. तो सांगत असतानाच तिने एक पुडा पिशवीत टाकला होता.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरने बिस्किट चहात बुडवलं. ते मोडून कपात पडलं, ते त्याने बोटाने काढून खाल्लं. मग दुसरं. मग त्याने वर बघितलं आणि कितीतरी दिवसांनी बायकोकडे बघून हसला.

"ज्याने ही बिस्किटं काढली ना, त्याच्या तोंडात साखर पडो!"

"नको हो," मावशी म्हणाली, "त्यालाही पाय असतील."

दोघं खो खो हसली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या रात्री जेवताना त्याने तिकिटासाठी भांडणाऱ्या म्हातारीची नक्कल केली आणि पालेभाजी मुकाट्याने संपवली. मावशीचा जीव भांड्यात पडला. घर पुन्हा घरासारखं झालं. मग काय, रोज चहाला बिस्किटं. पथ्याचीच आहेत म्हटल्यावर मोजायची कशाला? सकाळी तो एकटा असायचा तेव्हाही पुडा उशाशीच असे.

इकडे दुकानात मावशीने तो हिरवा पुडा नुसता डोक्यावर घेतला. आता तर तिच्याकडे अर्धवट नाही, पुरतं खरं वाक्य होतं. "आमच्या घरी पेशंट आहे हो. त्यांचं बोट गेलंय. आमच्याकडे हेच खातात." यापुढे कोण नाही म्हणणार? आणि लोक तरी कुठल्या अवस्थेत दुकानात येतात! दिवसभर राबून, डोकं भणाणलेलं, एका हाताला मूल लोंबकळतंय, घरी जाऊन चूल पेटवायची आहे. भाजी दुकानाच्या पार मागच्या टोकाला, तिथवर जायचं तर आधी बिस्किटांच्या, चॉकलेटांच्या आणि सरबतांच्या रांगा ओलांडायच्या. अशा माणसाने पुडा उलटा करून मुंगीएवढी अक्षरं वाचावीत म्हणणं सोपं आहे. माणूस दमला की चेहऱ्यावर विश्वास टाकतो, आणि मावशीचा चेहरा तर त्यासाठीच घडवल्यासारखा होता. बँकेत कॅशवर बसणाऱ्या एक बाई दर आठवड्याला येत. त्यांच्या यजमानांनाही मधुमेह होता. त्या तर ट्रेकडे बघतसुद्धा नसत, "मावशी, तुमच्याकडचे चार द्या," एवढंच म्हणत.

मग ड्रायव्हरला चप्पल चावली. टाचेजवळ एवढीशी जखम. ती भरेना. आधी ओली राहिली, मग कडेने काळी पडली. दवाखान्यात नेईपर्यंत पावलाला वास यायला लागला होता. रक्तातली साखर बघून डॉक्टर चिडले. "खायला काय देता तुम्ही यांना?"

मावशीला उलट हायसं वाटलं. या प्रश्नाचं उत्तर तिच्या पिशवीतच होतं. तिने पुडा काढला आणि सवयीने पोटाशी धरून, तोंड डॉक्टरांकडे करून दाखवला. डॉक्टरांनी तो तिच्या हातातून घेतला आणि उलटा केला.

"वरून साखर घातलेली नाही, हे खरंय," ते म्हणाले. "पण बाई, हा सगळा मैदा आहे. पोटात गेला की त्याची साखरच होते. रोज किती खायचे?"

खरं उत्तर होतं, अख्खा पुडा. कधी दीड.

"एखाददुसरं," मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ खोटं बोलताना अडखळली नाही.

पाऊल काढलं. "आता डाव्या पायाला जपा," असं डॉक्टरांनी जाताना बजावलं. ड्रायव्हर कुबड्या घेऊन घरी आला. मावशीने सगळं खापर चपलेवर फोडलं आणि ती चप्पल रागारागाने कचऱ्यात टाकली. ती घालायला पाऊलच उरलं नव्हतं म्हणा, ठेवून तरी काय करणार होती? बिस्किटांचं नाव तिने काढलं नाही. त्यानेही काढलं नाही. आपण आपल्या हातांनी नवऱ्याचा पाय कापला, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि ते सांगायला तिला कुणी नव्हतं.

रजा संपवून ती कामावर गेली तर टेबलावर तोच हिरवा ढीग. तिने मॅनेजरला विनवलं, "मला दुसरं काहीही द्या. ती हिरवी पाणचट सरबतं द्या, पण हे नको."

"असं कसं मावशी?" मॅनेजर कळवळून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "तुम्ही नव्हतात तर एक पुडा हलला नाही. हे तुमच्याच हातून खपतं."

मग तिने पुडा उलटा धरायला सुरुवात केली. मैदा लिहिलेली बाजू पुढे, धावणारा गृहस्थ पोटाला. मॅनेजर जाता-येता तो सरळ करून जायचा, त्याला वाटे, दुःखात बाईचं लक्ष नाही. "मागचं वाचून बघा हो," असं ती गिऱ्हाइकांना म्हणायची. लोक हसून म्हणत, "तुम्ही सांगताय म्हटल्यावर वाचायचं काय त्यात?" आणि तुकडा तोंडात टाकत. तिने जितकं कळकळून नको म्हणावं, तितका त्यांचा विश्वास वाढे.

शेवटी बँकेतल्या बाई आल्या तेव्हा तिने त्यांचा हातच धरला. "बाई, हे नेऊ नका."

"का? जुना माल आहे का?"

"माल ताजा आहे. माझ्या नवऱ्याचं पाऊल कापलं. रोज हीच खात होते. सगळा मैदा आहे यात."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मावशीच्या पाठीवरून हात फिरवला, कधी झालं, कसं झालं, सगळं विचारलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, डोळ्यांत पाणी आलं. मग त्या रॅकपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एक पुडा उचलून ट्रॉलीत ठेवला. मग बाकीचे तीनही ठेवले.

"काय करू मावशी," त्या खाली बघत म्हणाल्या. "हे नाही नेलं तर ते खाली जाऊन क्रीमची आणतात. आणि मी घरी पोचते तेव्हा भाजी चिरायचंही त्राण नसतं. त्यापेक्षा हे बरं. यात निदान वरून साखर तरी नाही."

त्या गेल्या. मागे उभ्या असलेल्या गृहस्थाने हात पुढे केला आणि विचारलं, "चाखायला आहे ना?" मावशीने ट्रे पुढे केला.

ती घरी आली तेव्हा ड्रायव्हर खाटेवर बसून होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तिने चहा केला, कप त्याच्या हातात दिला आणि उभ्याउभ्याच तिला रडू फुटलं. आता लपवून काय राहिलं होतं? डॉक्टर काय म्हणाले, ती तिथे काय खोटं बोलली, सगळं तिने सांगून टाकलं. "मी खायला घातलं तुम्हाला. एवढे पुडे आणले, त्यांचं तोंडच बघत राहिले, पाठ एकदाही बघितली नाही."

ड्रायव्हरने चहाचा घोट घेतला.

"मी बघितली होती," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात. दिवसभर घरात पडून माणूस काय करणार? पेपर संपला की पुडा वाचायचा. मैदा लिहिलंय ते दिसलं. दवाखान्यातल्या तक्त्यावर मैदा नको म्हणून होतंच की."

इतके दिवस जे ओझं एकटीने वाहिलं ते असं कुणी काढून घेतलं तर हलकं वाटायला हवं. मावशीला हलकं वाटलं नाही, संताप आला. "मग बोलला का नाहीत? जीभ झडली होती का? एवढा पाय गेला!"

"बोललो असतो तर तू आणायची बंद केली असतीस."

एवढं बोलून तो पुन्हा कपात बघू लागला. त्यात ना पश्चात्ताप होता ना तिला दोष. आता यात नावं तरी कुणाला ठेवायची? इतके दिवस तिला वाटत होतं की कुणी खरं सांगितलं नाही म्हणून माणसं फसतात. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तिच्यासमोर चहा पीत बसलं होतं.

"आणि हा पाय?" तिने चादरीतून बाहेर आलेल्या डाव्या पावलाकडे बोट दाखवून विचारलं. त्याने पाय चादरीखाली ओढून घेतला.

"चहा निवतोय," तो म्हणाला. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "आणलीस का?"

आणली होती. निघताना हाताने आपोआप पुडा पिशवीत टाकला होता, आणि वाटेतल्या कचराकुंडीशी थांबूनही तो टाकला गेला नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून पडलेले ते दिवस तिला आठवले. तसे दिवस पुन्हा काढायची ताकद आपल्यात नाही, हे तिला त्या कुंडीशीच कळून चुकलं होतं. तिने पुडा काढून दोघांच्या मध्ये ठेवला. त्याने एक घेतलं, एक तिच्यापुढे केलं. तिने ते चहात बुडवून खाल्लं. बिस्किट चांगलं होतं. खुसखुशीत, तोंडात विरघळणारं. सगळी रड तीच होती.