टबाशी लागलेला डोळा

तिला सगळे मावशी म्हणत. एकतीस वर्षं ती घरोघर जाऊन नवजात बाळांना अंघोळ घालत होती. तिच्या हातांखालून गेलेल्या काही बाळांना आता मिशा फुटल्या होत्या, आणि दोघीतिघी तर स्वतः आया होऊन आपल्या बाळांसाठी हिलाच बोलावत होत्या. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणत्या कॉलेजात मिळतं, सांगा.

तिची शिस्त पक्की होती. टबात आधी गार पाणी, मग गरम. घाईगर्दीत बाळ भाजतं ते हे उलट केलं म्हणून. पाणी चार बोटं, जास्त नाही. भांडी घासून बोटं निबर होतात, त्यांना पाण्याचं काही कळत नाही, म्हणून कोपर बुडवून बघायचं. टॉवेल, झबलं, दुपटं आधीच हाताशी हवं. आणि डावा हात बाळाच्या मानेखालून जाऊन पलीकडचा दंड धरणार, तो बाळ पाण्याबाहेर येईपर्यंत सुटणार नाही. बेल वाजो, फोन वाजो.

"आणि घराला आग लागली तर?" एका बापाने थट्टेने विचारलं होतं.

"तर बाळाला घेऊन पळायचं," मावशी म्हणाली. "हात तरीही सुटत नाही."

पाचव्या दिवशी ती आईचा हात पाण्यात घालायला लावी, आणि पंधराव्या दिवशी सगळं आईवर सोपवून मोकळी होई. पण तिच्या चार घरांतल्या तिसऱ्या घरी हे गणित चुकलं होतं. चुकवणारी स्वतः गणिताची शिक्षिका होती, म्हणून मावशी तिला मनातल्या मनात गणितबाई म्हणे. वर्गात साठ पोरं गप्प बसवणारी ही बाई साडेतीन किलोच्या एका जिवाला टरकून होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात दुसरं माणूस नाही. बाविसावा दिवस उजाडला तरी ती म्हणायची, "आज तुम्हीच घाला मावशी, उद्या मी नक्की."

मावशीलाही ते चालत होतं, कारण शिकवायलासुद्धा अंगात त्राण लागतं. आठ महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. त्याची पाठ सोलवटू नये म्हणून दर तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. रात्र असो की दिवस. सकाळी शेजारीण त्याच्याजवळ बसायची तेवढ्या वेळात मावशी चार घरं उरकायची. दिवसभर लहान बाळं आणि घरी एक मोठं बाळ, असं ती हसून सांगायची. हल्ली हसायचीही नाही.

त्या दिवशी गणितबाईचे डोळे सुजलेले होते. रात्रभर बाळाने तिला बसू दिलं नव्हतं.

"जा, पड जरा," मावशी म्हणाली. "मी आहे ना."

गणितबाई आतल्या खोलीत गेली आणि पडल्या पडल्या तिला झोप लागली. मावशीने टब स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, समोर स्टूल ओढलं, कोपराने पाणी पाहिलं, बाळ आत सोडलं. खिडकीतून ऊन येत होतं. पाणी कोमट, बाळ शांत, घर चिडीचूप. मावशीचा डोळा लागला.

किती वेळ? एक श्वास, फार तर दोन. पाणी डुचमळल्याचा आवाज झाला आणि ती दचकून जागी झाली. तिची मूठ सैल पडली होती. बाळ कुशीवर घसरलं होतं, कान आणि एक गाल पाण्याखाली होता. नाक वर होतं, बोटभर वर. मावशीने त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. ते शिंकलं, मग नेहमीसारखं रडलं, अंग गुलाबी होतं.

रडणं ऐकून गणितबाई उठून आली. बाळ तोवर कोरडं होऊन दुपट्यात गुंडाळलं गेलं होतं. "काय मस्त झोप लागली हो!" ती म्हणाली. "उद्यापण अशीच झोपू द्या मला."

मावशी तीन मजले उतरून रस्त्यावर आली. कुणी पाहिलं नव्हतं आणि बाळ काही सांगणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे उघड झालं तर आयांच्या गावगप्पांत संध्याकाळपर्यंत चारही घरं बंद होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एकतीस वर्षांचं नाव एका डुलकीत बुडणार. ती कोपऱ्यापर्यंत गेली. पण उद्या ही पुन्हा विश्वासाने झोपणार, आणि उद्या आपण आजच्याइतक्याच थकलेल्या असणार, हा विचार काही तिला पुढे पाऊल टाकू देईना. स्वतःला चार शिव्या घालत ती परत फिरली आणि तीन मजले पुन्हा चढली.

"काही विसरलात?" गणितबाईने विचारलं.

"मला टबाशी झोप लागली होती," मावशी दारातच म्हणाली. "माझा हात सैल पडला. त्याचा कान पाण्यात गेला होता, नाक नाही. तुला सांगितल्याशिवाय जाववेना."

गणितबाईचा चेहरा पांढरा पडला. तिने बाळाला उचलून उजेडात नेलं, त्याचे कान पाहिले, छातीवर कान ठेवला. "मी तुमच्या भरवशावर झोपले होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं.

"हो."

"डॉक्टरकडे नेते मी."

"ने. मी येऊ?"

"नको. उद्या सकाळी या."

उरलेल्या घरांनाही मावशीने त्याच दिवशी सांगून टाकलं. दोघींनी तिथल्या तिथे "राहू द्या" म्हटलं. एकीने विचार करून कळवते म्हटलं, म्हणजे तिथलंही गेलंच.

दुसऱ्या दिवशी ती बोलणी खायची तयारी करून तिसऱ्या घरी गेली. डॉक्टरांनी बाळ ठीक असल्याचं सांगितलं होतं. टेबलावर टॉवेल, झबलं, दुपटं मांडलेलं होतं. गणितबाईने बाह्या वर सारल्या होत्या.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "हात लावायचा नाही. चुकलं तर फक्त सांगायचं."

मावशी हात मांडीत धरून बसली. गणितबाईने आधी गार पाणी ओतलं, मग गरम, कोपर बुडवलं, परत बुडवलं. बाळाला आत सोडताना तिचे ओठ हलत होते, पायऱ्या मोजत असावी. बाळाने पाय झाडले, पाणी तिच्या तोंडावर उडालं, तिने डोळेसुद्धा पुसले नाहीत. मावशीचे हात तीनदा पुढे यायला निघाले आणि तीनदा तिने ते आवरले. अंग पुसून, कपडे घालून, बाळ खांद्यावर टाकून मगच गणितबाईने वर पाहिलं.

"काय चुकलं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

गणितबाईने बाळाची पाठ थोपटली. "मग उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली. "राग अजून आहे माझा. पण तुम्ही परत वर आला नसतात, तर मी आज पुन्हा झोपले असते."

मावशी साडेनऊलाच घरी पोचली. शेजारीण चकित झाली, पण काही न विचारता निघून गेली. नवऱ्याने मान वळवली. त्याच्या जिभेवर शब्द अजून जड होते. मावशीने त्याच्या उशाशी बसून सगळं सांगितलं: डुलकी, कान, तीन मजले, एक एक करून गेलेली घरं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"बाळ… बरं आहे?" त्याने विचारलं.

"बरं आहे."

"मग… बास," तो म्हणाला, आणि चांगल्या हाताने आपली अर्धी उशी तिच्याकडे सरकवली.