इसब्रांट वेशीवर अडला

सकाळी जळणाच्या नावेतून आम्ही लायडनच्या वेशीशी पोचलो तेव्हा माझा भाऊ इसब्रांट जिवंत होता. शुद्धीवर होता. हे आधीच सांगते, कारण आता लोक म्हणतात तो वाटेतच गेला. वाटेत नाही गेला. वेशीवर गेला. आमच्या घराचं धुराडं तिथून दिसतं.

कालव्यावर मोठा ओंडका आडवा टाकलेला. पलीकडे कोर्स, वेशीचा राखणदार. लहानपणी इसब्रांटबरोबर चिखलात लोळलेला, त्याच्या हातचा मारही खाल्लेला.

"कोर्स, ओंडका काढ रे बाबा," मी म्हटलं. "ह्याला घरी नेऊन निजवायचंय."

"काढतो की, ताई. आधी त्याला शपथ घेऊ दे."

आता ही शपथ. आमच्याकडे विणलेलं लोकरीचं कापड पायांनी तुडवतात. टाकीत गरम पाणी, माती नि लोणी, त्यात तिघं तिघं उतरतात नि दिवसभर तुडवत राहतात, तेव्हा कुठे कापड घट्ट होतं. माझा भाऊ तेच करायचा. मालकांनी कापड बाहेरच्या खेड्यांत तुडवायला पाठवायला सुरुवात केली, तसे हे सगळे बिथरले, नि त्यांच्या बापांनी केलं होतं तेच त्यांनी केलं. गाव सोडून निघून गेले, सगळेच्या सगळे, शेजारच्या गौडा शहरात. जाताना एकमेकांना शपथ घातली, परत येऊ तर सगळे येऊ. इकडे नगरसभेनं हुकूम काढला, ज्याला आत यायचंय त्यानं वेशीवर क्रुसावर हात ठेवून म्हणायचं, मी त्यांची संगत सोडली. म्हणजे बाहेरच्यांची एक शपथ, आतल्यांची एक, नि मधे माझा भाऊ, छातीत पाणी झालेला.

गौड्याला तो एका पोटमाळ्यावर खोकत पडला होता. मी गेले तर मला म्हणाला, "ताई, मला घरी ने. आपल्या भिंतीच्या कोनाड्यातल्या बिछान्यात मरू दे. इथे नको, इथले लोक पावात कोंडा घालतात." त्याला तेवढंच पाहिजे होतं. राजवाडा नाही मागितला त्यानं.

मिसरूड फुटायच्या आधीच तो टाकीत उतरला होता. लोण्यानं पाय लहान मुलासारखे मऊ, नि बोटांच्या बेचक्यांत कायमच्या भेगा. तापट तर इतका! विणकर बसून काम करतात म्हणून त्यांना "बसके" म्हणायचा, तोंडावर. पण शेजारचा पांगळा विणकर याकोप, त्याला दर रविवारी पाठीवर घेऊन देवळात न्यायचा, नि वाटभर दोघं भांडायचे. एकदा लग्न जमलं होतं. ती पोरगी म्हणाली, तुझ्याजवळ बसलं की मला भूक लागते, पण लोणी शिळं आहे. मोडलं. हा गुत्त्यात सगळ्यांना स्वतःच ते सांगून हसायचा.

तर वेशीवर. आमची नाव गौड्यापासून दोर लावून ओढत आणली ती टाइमननं. टाइमन म्हणजे ह्या तुडवणाऱ्यांचा म्होरक्या. मी त्याला म्हटलं, "तूच शपथ घातलीस ना? मग तूच सोडव त्याला. आत्ता, इथं."

"मला एकट्याला नाही सोडवता येत, ताई. शपथ सगळ्यांची. सगळे बसून ठरवतील तेव्हा."

"आणि ते कुठे बसलेत?"

"गौड्याला."

मी कोर्सकडे वळले. "तू तरी वर जाऊन विचार. माणूस मरायला टेकलाय, त्याच्याकडून कसली शपथ घेता?"

कोर्स बिचारा गेला. बऱ्याच वेळानं आला. "नगरसभा गुरुवारी बसणार म्हणतात. त्याआधी कुणाला अधिकार नाही."

बघा! इकडेही बसायचंय, तिकडेही बसायचंय. कुणी वाईट बोललं नाही मला. सगळे ताई, ताई करत होते. एकानं तरी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

टाइमन दोर टाकून म्हणाला, "मी जातो परत. सगळ्यांना उठवून विचारतो. ताई, त्याला धरून ठेव." आणि पळत सुटला. आधीच रात्रभर नाव ओढलेला माणूस.

मग मी इसब्रांटच्या मागे लागले. "अरे, म्हणून टाक ना. नुसतं पुटपुट. देव काय इथं जवळ बसलाय ऐकायला?"

"कोर्स बसलाय ना," तो म्हणाला.

"मी कान झाकतो," कोर्स म्हणाला. खरंच झाकले त्यानं, दोन्ही हातांनी.

इसब्रांटला हसू आलं, त्यातून खोकला आला. मग म्हणाला, "एका तोंडानं दोन शपथा कशा घेऊ गं? मग पहिलीला काय अर्थ?"

"अर्थ घाल चुलीत! घर दिसतंय ते बघ!"

"दिसतंय," म्हणाला. "धूर नाहीये. चूल का नाही पेटवलीस?"

"मी तुझ्यापाशी बसलेय ना, गाढवा, चूल कोण पेटवणार?"

मी आणखी दोन-चार गोष्टी सुनावल्या. उत्तर नाही. आणि उत्तर दिल्याशिवाय त्याला कधी राहवायचं नाही, म्हणून मी वाकून बघितलं.

कोर्सनं कानावरचे हात काढले. मग ओंडका बाजूला केला. "ने आता, ताई," म्हणाला. "आता शपथ लागत नाही."

एवढंच होतं ते. एक ओंडका. एका माणसानं एका हातानं सरकवला.

त्याला खांदा द्यायला त्याच्या कामावरचं कुणी नव्हतं, सगळे गौड्याला. विणकरांनी नेलं. पांगळा याकोप मागून काठ्या टेकत ओरडत होता, "हळू रे, बसक्यांनो!"

पुरून घरी येते तोच दारात कोर्स. टोपी हातात.

"टाइमन आलाय वेशीवर. म्हणतोय सगळ्यांनी मिळून इसब्रांटला मोकळं केलं. त्याला खुशाल शपथ घेऊ दे म्हणतायत."

"तू सांगितलं नाहीस?"

"ताई, मला नाही जमलं."

गेले मी. दोन दिवस त्याला घालायच्या शिव्या मी मनात जुळवून ठेवल्या होत्या. टाइमन ओंडक्यापलीकडे उभा, गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ फुटलेले. तो स्वतः तर आत येऊ शकत नव्हता.

"आला का तो आत?" त्यानं लांबूनच विचारलं.

"आला."

"शपथ न घेता?"

"न घेता."

"मग!" टाइमन ओरडला, मांडीवर थाप मारून हसला. "बघितलंस, कोर्स? नमवलं की नाही तुमच्या नगरसभेला!"

कोर्स पाण्याकडे बघत राहिला. टाइमननं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या डोक्यावरच्या काळ्या फडक्याकडे. तिथेच खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं एक जोडा काढला नि त्यातलं पाणी ओतायला लागला.