बोयांवातला चापडा

गोव्यातल्या लाटंबार्शाच्या बाबली गावसचं नाक सदा वर. खाणीवर टिपर चालवायचा तेव्हा सुपरवायझर त्याच्या लेखी बिनडोक, काट्यावरचा कारकून बिनडोक, आणि पुढच्या टिपरचा ड्रायव्हर तर विचारूच नका. मग खाणी बंद पडल्या. टिपर मांगराच्या खोपटाच्या बाजूला उभा राहून गंजायला लागला, आणि ज्यांना बाबलीने जन्मभर हिंग लावून विचारलं नव्हतं ते सगळे रोज सकाळी सगुणच्या हॉटेलात चहात उंडो पाव बुडवून त्यालाच विचारायला लागले, "काय रे बाबली, आज खंय जावक नाय?" जाणार कुठे कपाळ! तीन वर्षं हा एकच प्रश्न त्याने गिळला. पण नाक काही खाली आलं नाही.

चौथ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पुण्याची पाच-सहा माणसं वाट चुकून त्याच्या काजूच्या बागेत शिरली. गुडघ्यापर्यंत बूट, कपाळाला दिवे, गळ्यात तान्ह्या पोराएवढे कॅमेरे. साप शोधायला आलो म्हणाली. बाबलीला हसू आवरेना. गावात साप निघाला की माणसं काठी शोधतात, आणि ही येडी पदरचं पेट्रोल जाळून साप शोधतात! त्याने न बोलता त्यांना झरीवर नेलं आणि एका फांदीकडे बोट दाखवलं. फांदीवर हिरवा चापडा वेटोळं घालून बसला होता. चापडा म्हणजे आळशी जनावर, विषारी असला तरी एकदा बसला की आठवडाभर त्याच फांदीवर. बाबली त्याला चार दिवस तिथेच बघत होता.

"काका, तुम्हाला वास येतो का हो सापाचा?" त्यातल्या एकाने हात जोडून विचारलं.

वास कसला, डोंबल! पण बाबली ते बोलला नाही. त्याने नाक वर करून उगाच एकदा हुंगलं, आणि तिथेच त्याचं नशीब फिरलं.

दोन वर्षांत तो 'बाबलीकाका' झाला. मुंबईहून, बेळगावहून, पुण्याहून टोळ्या यायच्या. दगडाला शेंदूर फासला की तो देव होतो, तसं कुणी त्याला सर्पमित्र म्हटलं आणि हा झालाही. सगुणच्या हॉटेलात त्याच्यासाठी बाक पुसला जायला लागला. तो प्रश्न कायमचा बंद झाला. हे नाव आता सांभाळायचं, बस्स, एवढी एकच गोष्ट बाबलीला हवी होती. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता, आणि त्याने तेच केलं.

या फोटोवाल्यांबद्दल त्याचं मत मात्र पावलीनेही सुधारलं नाही. एकदा तिघेजण फणसाच्या मुळाला साप समजून तासभर चिखलात लोळले. बाबली बाजूला विडी ओढत बसला होता, त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. रात्री जनावराचं नाव घेऊ नये, 'लांबडं' म्हणावं, असं त्याने सहज म्हटलं तर सगळ्यांनी वह्या काढून ते लिहून घेतलं. "उद्या शिंकलो तरी लिवन घेतले," तो घरी येऊन बायकोला, देवकीला, सांगायचा. देवकीला या धंद्याची भलती किळस. ती म्हणायची, "त्येंका अक्कल नाय ती नाय, तुमका तरी खंय आसा?"

पण एवढी माणसं, एवढे दिवे, रोजची धावपळ! झरीवरची जनावरं हळूहळू दिसेनाशी झाली. एका रात्री टोळी हात हलवत परत गेली, आणि जाताना एक पोरगी पुटपुटली, "उगाच नाव मोठं केलंय." बाबलीला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुपारीच रान पालथं घातलं, एक चापडा तारेच्या आकड्याने उचलला आणि घरी आणला. ठेवायचा कुठे? माळ्यावर देवकीची लोणच्याची पाच बोयांवां होती, चिनी मातीची, मोठ्या तोंडाची. एक रिकामं होतं. त्यात तो घातला, वर फडकं बांधलं. संध्याकाळी नेऊन पिटकोळीच्या झुडपावर मांडला, आणि रात्री टोळीपुढे हुंगत हुंगत तिथेच जाऊन थबकला. चापडा आपण होऊन जन्मात पिटकोळीच्या फुलांत बसायचा नाही. पण शहरवाल्यांना तांबड्या फुलांवर हिरवा साप म्हणजे काय सांगू, दिवाळीच! एकानेही विचारलं नाही की हा इथे कसा. त्यानंतर बोयांव कधी रिकामं राहिलं नाही. देवकीला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

आणि मग योगेश सर येणार म्हणून निरोप आला. हे पुण्याचे, फार मोठे. यांनी फोटो काढला की मासिकात, प्रदर्शनात, परदेशात. सोबत दहा शिष्य. ते खूश झाले तर बाबलीचं नाव कुठच्या कुठे जाणार होतं, आणि रिकाम्या हाताने परतले तर सगुणच्या हॉटेलात तो जुना प्रश्न पुन्हा वाट बघत बसणार होता. बाबलीने दोन दिवस आधीच चांगला टपोरा, पोपटी चापडा बोयांवात घालून ठेवला.

ऑक्टोबरचं ऊन. सकाळीच तो सरांना आणायला डिचोलीला गेला आणि त्यांना घेऊन चारच्या सुमाराला परत आला, तर खळ्यात ओळीने बोयांवां मांडलेली. पाचही.

"देवके, काय केलंस ह्या?"

"पावस सरलो, लोणच्याक ऊन नको दाखवूक? सकाळपासून ठेवलंय."

बोयांव उचललं तर हात पोळला. मागीलदारी जाऊन फडकं सोडलं. चापडा आत मऊ, सैल पडला होता. सुस्तावला असेल, वारा लागला की येईल शुद्धीवर, असं त्याने स्वतःला सांगितलं. मनात पाल चुकचुकली, पण सर येऊन बसले होते, चहा पीत होते. अंधार पडायच्या आत त्याने तो झुडपावर नेला, वेटोळं हाताने बसवलं, मान एका फुलाला टेकवली.

रात्री सगळं ठरल्याप्रमाणे झालं. हुंगणं, थबकणं, "लांबडं आसा हंय" म्हणणं. दिवे पडले आणि शिष्यांच्या तोंडून आ निघाला. योगेश सर पालथे पडले आणि कॅमेरे कडकडायला लागले. सर कुजबुजले, "काय संयम आहे बघा याचा! इंचभर हलत नाही." शिष्यांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, हा आपल्यावर विश्वास ठेवतोय. बाबलीला आतून हसू फुटत होतं. बिनडोक ते बिनडोकच!

तेवढ्यात पानावरून एक मुंगी आली. चापड्याच्या नाकावर चढली, तिथून थेट डोळ्यावर गेली आणि डोळ्याच्या मधोमध थांबली. जिवंत जनावर असतं तर निदान मान मागे घेतली असती. हे नाही हललं. बाबली दोन पावलं पुढे सरकला.

"वा! मुंगी! मुंगी घे!" शिष्य आनंदाने ओरडले.

"पुरे आता," बाबली म्हणाला, "त्याका त्रास नको."

योगेश सरांनी कॅमेऱ्यामागून मान वर करून त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, "पाचच मिनिटं, काका." त्यांनी अर्धा तास घेतला. सगळे गेल्यावर बाबलीने तो चापडा उचलला, तेव्हा तो काठीसारखा ताठ झाला होता. पुरताना त्याला आपला राग आला, उन्हाचा आला, देवकीचा आला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला एका जनावरापुढे लाज वाटली.

फोटोला मोठं बक्षीस मिळालं. फेब्रुवारीत डिचोलीच्या एका हॉलमध्ये सत्कार ठेवला, आणि सरांनी आग्रह धरला, बाबलीकाकांचाही करायचा. भिंतीएवढा फोटो मागे लावला होता, डोळ्यावरच्या मुंगीसकट. बाबलीच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. सगुण समोर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. देवकी सगुणच्या मागच्या रांगेत होती. ती फोटोकडे बघत होती आणि टाळ्या वाजवत नव्हती. त्या दिवशी उन्हात ठेवलेल्या बोयांवांचा तिला सुगावा लागला होता की काय, देव जाणे, पण तिच्या तोंडाकडे बघून बाबलीला उभं राहवेना.

नाव गेलं तर गेलं. एकदा तरी खरं बोलावं. माईकपर्यंत जायचा धीर झाला नाही, म्हणून तो शेजारी उभ्या असलेल्या सरांच्या कानाला लागला.

"सर, तां लांबडं मेलला होता. त्या रात्री."

योगेश सर समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून हसतच होते. ओठ फारसे न हलवता म्हणाले, "मला पहिल्याच फोटोत कळलं होतं, काका. तुम्ही लोक काय समजता आम्हाला? चला, हसा. समोर बघा."

आणि बाबली समोर बघून हसला.