वीतभर अंतरावरचा उजेड

जळगावात राहून मी उजेड विकत घेतला, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. धुळ्याकडच्या गावी राहणारी माझी थोरली बहीण, अक्का, तर फोनवर ओरडलीच, "येडा व्हई गया का रे भाऊ? बठ्ठा खान्देश उनमा भाजाय राह्यना, आन तू झाडेसले दिवा लावस?"

सगळा खान्देश उन्हात भाजत असताना ज्यांना मी दिवा लावला, ती झाडं माझी नव्हती. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत मुलगी पुण्याहून आली, ती अकरा चिमुकल्या कुंड्या घेऊन. जाड, मांसल पानांची सक्युलंट. "बाबा, यांना फार काही लागत नाही. पंधरा दिवसांनी घोटभर पाणी. तुम्हाला सोबत होईल." सोबत नको, मला कोणाचीच नको, असं मी त्या दिवसांत सगळ्यांना ठणकावून सांगत असे. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाहेर आली. मी इथे एकटा राहू नये, तिच्याकडे पुण्याला यावं, असं तिचं म्हणणं होतं. माझा पारा चढला. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, दुखण्यातल्या बायकोचं सगळं केलं, आणि आता मला कोणीतरी सांभाळायचं? मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत तुझी ही झाडं जगवून दाखवली, तर पुण्याचं नाव काढायचं नाही. मेली, तर मी बॅग भरतो." ती म्हणाली, "चालेल."

एप्रिलमध्ये गॅलरीतल्या दोन कुंड्या उन्हानं शिजल्या. शिजल्या हाच शब्द. पानं उकडलेल्या वांग्यासारखी लिबलिबीत झाली होती. उरलेल्या नऊ मी घाईनं आत आणल्या. आणि आत काय? उन्हाळ्यात आमच्याकडे घर जगवायचं म्हणजे घरात अंधार करायचा. एका खिडकीत कूलर, दुसरीवर हिरवी जाळी, तिच्यावर जुनी चादर. भर दुपारी हॉलमध्ये चष्मा शोधायचा तर दिवा लावावा लागतो. तिथे टीव्हीशेजारी मी झाडं मांडली.

महिन्याभरात ती चांगली बोटभर उंच झाली. मी खूश. शेतकऱ्याच्या पोराला झाड उंच झालं की बरंच वाटतं. कपाशी नुसती वाढायला लागली की शेंडे खुडतात, हे लहानपणी शेतात पाहिलं होतं, पण कुंडीपुढे ते आठवलं नाही. नाक वर करून मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल झाडांकडे फिरवला. तिनं मोबाइल आणखी जवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "बाबा, ही वाढ नाही. ही उजेड शोधतायत."

नीट पाहिलं तेव्हा कळलं. सगळी दाराकडे माना लांब करून झुकली होती. पानांमधली अंतरं वाढलेली, रंग उतरलेला. मला एकदम भीती वाटली, आणि ती झाडांसाठी नव्हती. मला माझी भरलेली बॅग दिसली.

मग दिव्यांची शोधाशोध सुरू झाली. आधी मोबाइलवर पाहून जांभळ्या उजेडाचा दिवा मागवला. तो लावला आणि हॉलचा लग्नाचा मांडव झाला. त्या उजेडात सगळी झाडं काळीच दिसत. जिवंत कोणतं, मेलेलं कोणतं, काही कळेना. जन्मभर पोरांना रंग शिकवले आणि घरात हा प्रकार! तरी हट्टानं आठवडाभर ठेवला.

शेवटी वरच्या मजल्यावरचे नाना खाली आले. ते पहूरकडचे, केळीची रोपं बाटल्यांमध्ये तयार करतात, तशा प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. दारातूनच म्हणाले, "भाऊ, हे काय लावलं? आमची केयीची हजारो रोपं साध्या पांढऱ्या ट्यूबखाली वाढली." काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. त्यांनीच सांगितलं, दुपारच्या आभाळासारखा पांढरा दिवा घ्या, डब्यावर साडेसहा हजार लिहिलेलं बघा. दुकानात तो आकडा मी किंमत समजलो आणि भांडायला उभा राहिलो. तो उजेडाच्या रंगाचा आकडा निघाला. दुकानदार सभ्य होता, हसला नाही.

त्या दिव्याची दोन फुटांची पट्टी मी सवयीनं वर, छताजवळ लावली. नाना पुन्हा आले. त्यांनी हात कुंडीवर धरला आणि म्हणाले, "सावली बघा. कड फिकी दिसते ना? कड साफ आली पाहिजे." सावलीची कड मला शिकवायला लागत नाही. मी पट्टी खाली आणत गेलो, आणि वीतभर अंतरावर हाताची सावली पेन्सिलीनं काढल्यासारखी उमटली. बारा तास दिवा, मग अंधार. झाडांनाही झोप लागते, असं नाना म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी सातला मुलीचा फोन येऊ लागला. मी मोबाइल कुंड्यांसमोर धरायचा आणि तिनं सांगायचं. "तिसरी जरा मध्ये घ्या. हिचा शेंडा कापा. घाबरू नका बाबा, कापा." कापलेले शेंडे चार दिवस सुकवून पुन्हा मातीत लावले. मुळं फुटली त्या दिवशी आम्ही दोघंही ओरडलो. दहा मिनिटांचा फोन कधी कधी तासभर चाले. काय जेवलात, हे ती अधूनमधून विचारी. मी वांग्याची भाजी म्हणे, बहुतेक वेळा ती खोटी असे.

दिवाळीत ती आली. नऊच्या नऊ गुटगुटीत, कडांना लाली आलेल्या. तिनं एकेक उचलून पाहिली. "जिंकलात बाबा. उन्हानं नेलेल्या त्या दोन माफ. आता मला तुमची काळजी नाही." जाताना तिनं दिव्याच्या प्लगला एक टायमर बसवून दिला. सकाळी आपोआप लागेल, संध्याकाळी आपोआप विझेल. "बटणसुद्धा दाबायला नको."

मग फोन फक्त रविवारी, संध्याकाळी सहाला येऊ लागला. यात तिचं काहीच चुकलं नाही. नोकरी आहे, घर आहे, आणि ठणठणीत बापाला रोज काय विचारायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मीच केलं होतं. सात वाजायचे, टायमर टक् करायचा, दिवा जायचा. मी मोबाइल हातात घेऊन खुर्चीत बसलेला असायचो.

जानेवारीत मी एक कुंडी उचलून स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे नेऊन ठेवली. का, ते मला नीट माहीत होतं. तीन आठवड्यांनी काढली तेव्हा तिनं डब्यांमधल्या फटीच्या दिशेनं मान लांब केली होती. आता दाखवायला काहीतरी होतं. रविवारी फोन आला, मी मोबाइल त्या कुंडीसमोर धरला आणि मला स्वतःची लाज वाटली.

"हिला काय झालं? दिवा बंद पडला का?" मुलीनं विचारलं.

"दिवा चालू आहे," मी म्हणालो. "मीच तिला अंधारात ठेवली होती. झाडं बरी आहेत गं. मी बरा नाही. मला इथे करमत नाही."

मग ती म्हणाली, "बाबा, मोबाइल तुमच्याकडे फिरवा. वर्षभर मी नुसती झाडंच बघतेय."

मी मोबाइल फिरवला. कोपऱ्यातल्या अंधारात माझा चेहरा दिसेना, म्हणून झाडांच्या शेजारी, पट्टीच्या उजेडात सरकलो.

"अजून थोडं पुढे या," ती म्हणाली.